स्तानाचा पालथा हात

स्ताना कशालाही हात लावायची तो पालथा. यंत्राला तर लावायचीच, पण भट्टीतून आलेल्या पावाला, दाराच्या कडीला, तान्ह्या बाळाच्या गालालाही आधी बोटांची मागची बाजू टेकवायची आणि मगच तळवा. आमच्या जिन्यावर याची टिंगल चालायची. तळमजल्यावरचे स्पासकाका म्हणायचे, "स्तानानं लग्नाआधी नवऱ्यालाही असाच पालथ्या हातानं तपासून घेतला असेल." ती शांतपणे उत्तर द्यायची, "नाही ना तपासला. म्हणून तर फसले."

कारण साधं होतं. वीज अंगात शिरली की मूठ आवळते. तळव्यानं धरलेली वस्तू मग सोडायची म्हटली तरी सुटत नाही. तेच हात पालथा लावलेला असला, तर आवळणारी मूठ त्याला मागे ओढून घेते. हे स्तानाला कारखान्यात शिकवलं होतं, पण शिकली ती येल्कामुळे.

गावाबाहेर, नदीच्या वळणावर आमचा कारखाना होता. कपडे धुण्याची यंत्रं तिथे बनायची. शाळा सुटल्यावर स्ताना तिथे लागली आणि दारांना कुलपं लागेपर्यंत तिथेच राहिली, बहुतेक वर्षं ओल्या दालनात. तयार यंत्रं तिथे रांगेनं उभी असायची. प्रत्येकात पाणी भरायचं, फिरवायचं, उपसायचं. पुन्हा भरायचं. अशी तीन पाणी झाली, अंगाला वीज लागत नाही याची खात्री झाली, की टाकीच्या पाठीवर पोलादी ठशानं आपला आकडा ठोकायचा. स्तानाचा आकडा चौदा.

एका डिसेंबरात वर्षाचं उद्दिष्ट गाठायला यंत्रं कमी पडत होती. वरून निरोप आला, यंदा कोरडीच फिरवून पाठवा, पाणी पुढच्या वर्षी पाजू. स्तानानं आपल्या रांगेतली यंत्रं अडवून धरली, शिव्या खाल्ल्या. इतरांची गेली. त्यांतलंच एक शेजारच्या रांगेतल्या येल्काला मिळालं. किती वर्षं ती यंत्रासाठीच्या यादीत नंबर लावून बसली होती. पहिल्याच धुण्याला तिनं दाराची कडी धरली आणि तिची मूठ उघडली नाही. कुणीतरी वीज तोडल्यावर ती बोटं कडीवरून एकेक करून स्तानानं उचलली. यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कुणाचा होता. पण बोटं हिनं उचलली होती.

त्यानंतर तीन पाण्यांशिवाय तिच्या हातून यंत्र सुटलं नाही. कारखाना बंद पडल्यावर ती घरोघरी दुरुस्त्या करायला लागली, तेव्हाही नाही. लोक घाईत असायचे, म्हणायचे, "अगं फिरतंय ना, झालं की." ती बादली आणायची. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. मग पालथा हात.

एकदाच हे चुकलं. ते मी सांगते आहे.

त्या हिवाळ्यात पावासाठीसुद्धा रांगा होत्या आणि दुकानांच्या काचांमागे रिकाम्या फळ्या होत्या. नवं यंत्र मिळणं ही बोलायचीही गोष्ट नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या नेवेनाला नोव्हेंबर सरता सरता जुळं झालं होतं, एक मुलगा आणि एक मुलगी. नवरा कामेन मालवाहू बार्जवर, नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी बर्फात अडकलेला. घरात ती, सासू तोदोराआजी आणि ती दोन पिल्लं. आणि डिसेंबरच्या मध्यावर त्यांच्या यंत्राचा आतला ड्रम सांध्यावर उकलला. एकदा लोखंड ओरडल्यासारखा आवाज आला, आणि बाहेर काढलेल्या दुपट्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

नेवेना हातानं धुवायला लागली. गरम पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, ते बाळांच्या अंघोळीला जायचं. थोड्याच दिवसांत तिच्या बोटांची कातडी पेरापेरावर फाटली. दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांवर फिकट तांबूस डाग दिसायला लागले. ते बाळांचे नव्हते.

स्ताना बघायला गेली. यंत्र उघडून बराच वेळ तिनं आत विजेरी धरली.

"मोटर चांगली आहे. पंप चांगला आहे," ती म्हणाली. "ड्रम मेला."

"जोडता येईल?" तोदोराआजीनं विचारलं.

"फाटलेला ड्रम जोडत नाहीत, काकू. दुसरा घालतात."

"मग घाल की."

"कुठून घालू? कारखान्यात आता कबुतरं राहतात."

पण दुसरा होता. स्पासकाकांच्या तळघरात, कोबीच्या पिंपामागे, त्याच घडणीचं, त्याच वर्षांतलं यंत्र उभं होतं. त्यांची बायको गेल्यापासून ते कुणी चालवलं नव्हतं. मोटर जळलेली, पण ड्रम आणि टाकी धड. स्पासकाकांनी आधी नाही म्हटलं. मग म्हणाले, बघतो. मग एका सकाळी स्वतःच वर येऊन म्हणाले, "घेऊन जा. फिरवायचं बटण तेवढं मला ठेव."

"बटणाचं काय करणार?"

"तुला काय करायचंय? खिशात ठेवीन."

स्तानानं बटण काढून त्यांच्या हातात दिलं. मग यंत्र भिंतीपासून ओढलं, पाठीमागचा पत्रा काढला, आणि विजेरीच्या उजेडात टाकीवर ठोकलेला आकडा तिला दिसला. चौदा.

तिचं ते हसणं मला आठवतं. एरवी ती अशी हसायची नाही. "हे माझं आहे," ती म्हणाली. "हे मी पास केलंय." तरुणपणी लिहिलेलं स्वतःचंच अक्षर सापडावं तसा तिचा चेहरा झाला होता. बाकी सगळं तिथूनच घसरलं असं मला वाटतं, पण तेव्हा आम्हीही तिच्याबरोबर हसलो.

टाकी वर चढवेपर्यंत नाताळ उजाडला, आणि नाताळ उजाडला म्हणजे मळके दिवस लागले.

नाताळपासून योर्दानच्या सणापर्यंत, बारा दिवस, आमच्याकडे धुणं नसतं. त्या दिवसांत पाण्याचा अजून बाप्तिस्मा व्हायचा असतो. नको ते जीव मोकळे फिरतात आणि ओल्या कपड्याला चिकटून घरात येतात. योर्दानच्या दिवशी पाद्री नदीत क्रूस टाकतो, पोरं उड्या मारून तो काढतात, चर्चच्या घंटा वाजतात, की पाणी शुद्ध झालं. मग सगळं गाव एकाच वेळी धुवायला बसतं. बऱ्याच घरांत हे आता नुसतं म्हणायला उरलं होतं. तोदोराआजीच्या घरात नव्हतं.

बाळांच्या दुपट्यांपुरती तिनं वाट काढली होती. "तसराळ्यात खळबळवलं ते धुणं नव्हे. यंत्र लावलं की धुणं."

"मग माझे हात कशानं फाटले, आई?" नेवेना म्हणाली. "जप करून?"

दुरुस्तीला आजीची हरकत नव्हती. पाना फिरवायला बंदी नाही. त्यामुळे मळक्या दिवसांत स्ताना रोज वर जायची आणि न्हाणीघराच्या फरशीवर मांडी घालून दोन यंत्रांचं एक करायची. जुनी मोटर, जुना पंप, सांगाडाही नेवेनाच्याच यंत्राचा. त्यात स्पासकाकांची टाकी आणि ड्रम. दाराशी उभी राहून नेवेना बघायची, कडेवर एक बाळ, पाळण्यात एक. तिला नकला फार छान जमायच्या. ती भुवया जवळ आणायची, ओठ आवळायची, आणि चुलीवरच्या सुपाच्या झाकणाला पालथ्या बोटांनी टिचकी मारायची. "पास आहे!" मग आजी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरून हसायची आणि स्तानाही मान न वळवता म्हणायची, "हस, हस. एक दिवस कामाला येईल."

दाराचं रबर बसवायची वेळ आली तेव्हा फरशीवर दोन रबरं होती. दार आणि टाकी यांच्या मधली ती जाड, घडीची गोल कड, पाणी बाहेर येऊ न देणारी. नेवेनाच्या यंत्राचं रबर काळवंडलेलं, एका जागी ठिगळ लावलेलं. स्पासकाकांच्या यंत्राचं पांढरं स्वच्छ, जणू कालच डब्यातून काढलेलं.

"ते गोरं लाव," तोदोराआजी म्हणाली. "काळं बघवत नाही."

स्तानानं दोन्ही हातात घेतली. गोरं दाबून पाहिलं, ओढून पाहिलं. टाकी तिच्याच आकड्याची होती, रबर त्याच टाकीचं होतं. तिनं गोरं लावलं. बाकीचं सगळं, उकललेला ड्रम, गंजकी टाकी, काळं रबर, गच्चीत बर्फात नेऊन ठेवलं.

मग तिनं यंत्र कोरडं फिरवलं. ते फिरलं. ड्रम गुळगुळीत, पट्ट्याचा आवाज एकसारखा, स्प्रिंगा शांत. तिनं पालथा हात टेकवला. काही नाही. मग ती उठली आणि बादली घ्यायला वळली.

तोदोराआजी दारात उभी होती.

"पाणी नाही."

"काकू, हे धुणं नव्हे. ही परीक्षा आहे. आत एक कपडाही घालणार नाही."

"पाणी घालून फिरवलं की धुणंच. आत कपडा असो नाहीतर नसो."

"पाण्याशिवाय मी यंत्र देत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर दारात उभी आहे."

नेवेना म्हणाली, "आई, एकच बादली." आणि तेव्हा म्हातारी ओरडली नाही, उलट तिचा आवाज फार खाली आला. "मी पण एकच बादली म्हटलं होतं," ती म्हणाली.

कामेनच्या आधी तिला एक मूल झालं होतं हे जिन्यावरच्या जुन्या बायकांना माहीत होतं. ते कधी गेलं तेही माहीत होतं. ताप कशानं आला हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पण तिनं त्या मळक्या दिवसांत दुपटी धुतली होती, आणि एवढंच तिच्या ध्यानात राहिलं होतं. पाळण्यातल्या दोघांचा अजून बाप्तिस्मा झाला नव्हता. चाळीस दिवस पुरे झाले नव्हते.

स्तानानं बादली खाली ठेवली.

"बरं. मग योर्दानच्या दिवशी घंटा वाजल्या की मी येते. पहिली तीन पाणी माझी. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"घंटा वाजतील तेव्हा तू नि मी नदीवर असू," आजी म्हणाली. "पाणी भरून घ्यायची रांग, मग पाद्र्याचा आशीर्वाद, मग बर्फातून परत. दुपार होईल. ही पोर तोवर ढीग बघत बसणार? बारा दिवसांचा ढीग?" मग तिनं टाकीकडे बोट केलं. "तुझा शिक्का आहे ना यावर?"

"आहे."

"मग?"

स्तानानं नेवेनाच्या हातांकडे पाहिलं. बोटांवर चरबी चोळून वर कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. आमच्या इमारतीत तिसरी तार, अर्थिंगची, भिंतीत शिरते आणि तिथेच संपते. यंत्राच्या अंगात वीज उतरली तर ती जमिनीत जात नाही, माणसाची वाट पाहत थांबते. हे स्तानाइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी ती म्हणाली, "लाव तू, नेवेना. घंटा ऐकल्यास की लाव."

आपण असं कसं म्हणालो, हे तिनं नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तिच्या तोंडून मी ऐकलं आहे. ती म्हणायची, "त्या आकड्यानं मला आंधळं केलं. तो दुसऱ्या कुणाचा असता तर मी खिडकीतून बर्फ आणून वितळवला असता, पण पाणी घातलं असतं."

पुढच्या दिवसांत ती या ना त्या निमित्तानं वर जायची. कधी लोणच्याची बरणी, कधी विसरलेला पाना. जाता जाता न्हाणीघरात डोकावायची, यंत्राला पालथी बोटं टेकवायची. यंत्र गार असायचं, कोरडं असायचं, आणि मुकाट. त्याच्याकडून काही कळत नव्हतं.

योर्दानच्या सकाळी आकाश निळं आणि थंडी दात वाजवणारी होती. जिन्यातले बहुतेक जण नदीवर गेले. नेवेना बाळंतीण, चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून ती घरी राहिली. जाताना स्ताना दाराशी थांबली, काहीतरी बोलणार होती. आतून दोन्ही बाळं एकदम रडायला लागली आणि नेवेना आत पळाली. तोदोराआजी जिन्यातून हाक मारत होती, "चल गं, चांगली जागा जाईल."

डॅन्यूबच्या काठाला बर्फाची झालर धरली होती. पाद्री लाकडी फलाटावर उभा होता, पोरं उघड्या अंगानं उड्या मारत ऊब आणत होती. होडीवाला मिंचो मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उतरला होता. दरवर्षी तो असाच उतरतो, कुणाला पेटका आला तर ओढून काढायला. स्ताना, तोदोराआजी आणि स्पासकाका फलाटाच्या जवळ, बाटल्या हातात घेऊन उभे होते.

मिंचो गुडघाभर पाण्यात गेला आणि एकदम शिवी हासडून उलटा फिरला. पाद्र्यानं डोळे मिटून घेतले. लोक हसले.

"काय रे मिंचो, बूट आहेत की चाळणी?" स्पासकाका ओरडले.

"अहो, चांगले होते!" मिंचो काठावर बसून बूट काढत होता. आतून पाणी ओतलं. "गेल्या योर्दानला घातले, एक थेंब आत आला नाही. तेव्हापासून माळ्यावर! ऊन नाही, चिखल नाही, उंदरानंसुद्धा तोंड लावलं नाही. हे बघा, नव्यासारखे आहेत!"

"म्हणूनच गेले," शेजारची एक म्हातारी म्हणाली. "रबर नि बाई, बसून राहिली की तडकते."

पुन्हा हशा पिकला. मिंचोनं बूट घोट्यापाशी दुमडला. वरून चकचकीत, अखंड दिसणारं रबर घडीवर उकललं आणि आत बारीक बारीक भेगांची रांग दिसली, म्हाताऱ्या माणसाच्या ओठांसारखी.

स्ताना हसली नव्हती. ती त्या घडीकडे बघत होती. तिनं त्या दिवशी गोरं रबर दाबून पाहिलं होतं, ओढून पाहिलं होतं. दुमडून पाहिलं नव्हतं. दोन वर्षं तळघरात कोरडं पडलेलं रबर. दाराखालची घडी. आणि घडीच्या बरोबर खाली मोटर, गळलेलं पाणी थेट तिच्यावर.

"फोन," ती म्हणाली. "स्पासकाका, चौथ्या मजल्यावर फोन—"

"आपल्या जिन्यात फोन माझ्याकडे आहे," स्पासकाका म्हणाले, "आणि मी इथे आहे. काय झालं?"

पाद्र्यानं क्रूस फेकला. पोरांनी उड्या घेतल्या. स्ताना गर्दीतून वाट काढायला लागली, पण सगळे पुढे रेटत होते आणि ती मागे. कुणीतरी म्हणालं, "बाई, पाणी इकडे आहे!" तिची बाटली पडली. गर्दीच्या बाहेर पाऊल टाकलं तोच मागे आरोळी उठली, क्रूस मिळाला, आणि टेकडीवरच्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या.

ती पळाली. तिचं वय पळायचं नव्हतं आणि रस्ता तर बर्फाची काच झाला होता. घंटा थांबत नव्हत्या. प्रत्येक ठोक्याबरोबर तिला पुढचं एकेक क्रमानं दिसत होतं. नेवेना मान वर करते. नेवेना ढीग आत टाकते. दार लावते. नळ सोडते. पाणी चढायला वेळ लागतो, आमच्या नळाला जोर नाही, तेवढाच काय तो आधार. मग दाराच्या काचेपर्यंत पाणी. मग घडी. ती बेकरीच्या कोपऱ्यावर घसरली, गुडघ्यावर आपटली, उठली. वाटेतल्या इमारतींच्या खिडक्यांमधून यंत्रांची घरघर ऐकू यायला लागली होती. सगळं गाव धुवायला बसलं होतं. कुठलीही घरघर तिला नेवेनाच्याच घरातली वाटत होती.

आमच्या दारातून आत शिरल्यावर ती जिना चढली नाही. चार मजले चढायला लागणारा वेळ तिच्याजवळ नव्हता. तळमजल्यावर विजेची लोखंडी पेटी आहे. तिला कुलूप आहे आणि बिजागऱ्या नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं दार उपटून बाजूला टाकलं आणि आख्ख्या जिन्याचा खटका खाली ओढला.

वरची सगळी घरघर एकदम थांबली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतून कुणीतरी देवाच्या नावानं काहीतरी ओरडलं. दारं उघडली. "कोणी दिवे घालवले? आजच्या दिवशी?"

स्ताना चढायला लागली. चौथ्या मजल्यावरून बाळांचा आवाज येत नव्हता. दोघं जागी असली की आवाज पार खालपर्यंत येतो. तिनं कठडा धरला होता, आणि तिच्या लक्षात आलं की तो आपण तळव्यानं धरला आहे.

तिनं दारावर हात मारला. काही नाही. पुन्हा मारला.

दार उघडलं. नेवेना उभी होती. पायांत कामेनचे मोठे रबरी जोडे, मागे फरशीवर न्हाणीघरातून आलेला पाण्याचा ओघळ. उजवा हात तिनं डाव्या काखेत दाबून धरला होता. चेहरा पिठासारखा.

"चावलं, मावशी," ती म्हणाली. "यंत्र चावलं मला."

"बाळं?"

"झोपलीत."

"हात दाखव."

नेवेनानं हात पुढे केला. तळवा नव्हे, पाठ. बोटांच्या मागच्या बाजूला, पट्टी सुटलेल्या जागी, एक लहान पांढरा डाग होता. "खाली पाणी दिसलं," ती म्हणाली, "म्हणून दार घट्ट करायला गेले. आणि मनात म्हटलं, पहिलंच धुणं आहे, तुमच्यासारखं करू. नक्कल केली हो तुमची. भुवया पण आणल्या जवळ. हसू येत होतं मला." तिचे दात वाजत होते. "हात असा मागे उडाला की भिंतीवर आपटला."

स्तानानं तिच्या गालाला पालथी बोटं टेकवली. मग तळवा. मग ती तिथेच, ओल्या फरशीवर खाली बसली.

तोदोराआजी आणि स्पासकाका वर पोहोचले तेव्हा दोघी तशाच होत्या. आजीच्या हातात नदीच्या पाण्याची बाटली होती. तिनं फरशी पाहिली, सुनेचा हात पाहिला, आणि काही न विचारता तिला सगळं कळलं. ती न्हाणीघराकडे वळली, बाटलीचं बूच काढलं.

"काकू, तिथे नको," स्ताना म्हणाली. "तिथे पाणी पुरे झालं."

आजी थांबली. तिनं बूच परत लावलं. "हे माझ्यामुळे," ती म्हणाली. "तू बादली आणली होतीस."

"नाही. तुम्ही पाणी नको म्हणालात. 'लाव' मी म्हणाले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"शिक्का दाखवून मीच तुला—"

"शिक्का माझा होता, काकू."

मग खालून लिफ्टमधला आवाज आला, "अहो, मेला का सगळा जिना? मी इथे उभा आहे!" आणि नेवेना हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

स्तानानं आधी यंत्राची तार भिंतीतून उपटून काढली, मग खाली जाऊन खटका वर केला. सगळ्यांची यंत्रं पुन्हा सुरू झाली. एक सोडून. तिनं गच्चीतल्या बर्फातून काळं रबर शोधून आणलं आणि शेगडीजवळ ठेवलं. ऊब लागल्यावर ते मऊ झालं. तिनं ते जागोजागी दुमडून पाहिलं. ठिगळ होतं, काळे डाग होते, भेग एकही नव्हती. रोज पाणी प्यालेलं रबर. मोटर तिनं पूर्ण उघडली, पुसली, शेगडीपुढे वाळवली. तोदोराआजीनं तिच्यासमोर ठेवलेला बानित्साचा, चीज भरलेल्या भाजीव पोळीचा, तुकडा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

मग बादली आली. आजीनं स्वतः आणली.

पहिलं पाणी. स्तानानं दाराखाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं होतं. ते कोरडं राहिलं. दुसरं पाणी. तिसऱ्या पाण्याला तिनं ड्रम सगळ्यात जोरात फिरवला, यंत्र फरशीवर थरथरलं, पाळण्यातलं एक बाळ जागं झालं. प्रत्येक वेळी तिनं बोटांची पाठ टेकवली, कडीवर, काचेच्या कडेला, पत्र्यावर. टेस्टर लावला. पुन्हा बोटं टेकवली.

"झालं," ती म्हणाली. "आता टाक कपडे."

नेवेना जागची हलली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, दुपट्यांचा ढीग छातीशी धरून, आणि यंत्राकडे बघत होती. तिला पुढे ये म्हणायचा कुणाला धीर होईना. आजीलाही नाही.

स्तानानं हात धुतले. पुसले नाहीत. ओल्या हातानं तिनं रिकामं यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि ते फिरायला लागल्यावर आपला तळवा, सबंध, बोटं पसरून, दाराच्या कडीवर ठेवला. मूठ मिटली. कारखाना सुटल्यापासून, कदाचित येल्कापासून, तिनं असं केलं नव्हतं. यंत्र फिरत होतं आणि ती तशीच उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळे नेवेनाकडे. ड्रम थांबला तेव्हा तिनं मूठ उघडली. सहज उघडली.

नेवेना पुढे आली. कपडे आत टाकले, दार लावलं, आणि कडीला हात लावताना क्षणभर थांबून हात पालथा केला. या वेळी तिनं भुवया जवळ आणल्या नव्हत्या.

यंत्र भिंतीला सरकवण्याआधी स्तानानं कानस मागवली. पाठीमागे विजेरी धरून तिनं टाकीवरचा चौदाचा आकडा घासून काढला. त्या जागी दुसरं काही ठोकलं नाही.

ते यंत्र नेवेनाच्या घरी पुढे कितीतरी वर्षं चाललं. त्याच्या दारावरचं ते काळं रबर मी पाहिलं आहे. स्ताना मात्र नंतर नाताळपासून योर्दानपर्यंत कुणाच्या यंत्राला हात लावायची नाही. कितीही अडलेलं असो, पान्यांची पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. लोक म्हणायचे, म्हातारपणी बाई देवाला लागली. खरं कारण तिला ठाऊक होतं आणि तोदोराआजीला: ज्या दिवसांत तीन पाणी घालता येत नाहीत, त्या दिवसांत यंत्र उघडायचंच नाही.